जपानी कपाट

चिठ्ठी पडली तेव्हा माझ्या हातात एकशे नऊ नंबरचं पुस्तक होतं आणि मी मनात म्हणत होते, चला, आता पाचच राहिली. तारखेची चिठ्ठी. पुस्तक घरी नेणाऱ्याला जिच्यावर परतीची तारीख मारून देतो ती, पहिल्या पानाला डकवलेली. जपानी कपाटातल्या एकाही चिठ्ठीवर कधी तारीख पडली नव्हती. ऑक्टोबरच्या उन्हाने वाळून ही एक पानावरून सुटली आणि कोऱ्या रकान्यांची बाजू वर करून माझ्या पायाशी येऊन पडली. मी ती न बघताच उचलून पेपरवेटखाली सरकवली. माझं लक्ष पानाकडे होतं. जिथे बारा वर्षांपूर्वी मी स्वतःच्या हाताने खळ फासली होती, तिथे चिठ्ठीखाली एक छापील चौकट होती. चौकटीत उभ्या ओळी, मोठ्या अक्षरांच्या शेजारी मुंगीएवढी बारीक अक्षरं, आणि कोपऱ्यात लाल शाईचा एवढासा गोल शिक्का, काल मारल्यासारखा लालभडक. कुणा माणसाने आपल्या पुस्तकावर उमटवलेला शिक्का, आणि मी त्यावर चिठ्ठी चिकटवून मोकळी झाले होते. मग ही पुस्तकं देऊन गेलेल्या मोरितासाहेबांच्या पत्रातलं वाक्य आठवलं. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर सगळं दिलेलं आहे. आणि त्याच्या मागोमाग जयवंतचा आवाज, "बाई, सापडलं का हो ते पुस्तक?" मी खुर्चीत बसले.

आमचं वाचनालय अंधेरीला, बाजाराच्या मागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर. हल्ली शनिवारी दुपारी बारा ते चार बंद असतं आणि त्या वेळात मी ही नको असलेली कामं उरकते. कालच चिटणीस बळवंतराव म्हणाले होते, "नलिनीबाई, दहा वर्षांत ज्याला हात लागला नाही ते काढून टाका बघू. ते जपानी कपाट सोमवारी रिकामं हवंय. मुलांची मासिकं ठेवायला जागा नाही आणि तुम्ही ती चिनी-जपानी कशाला सांभाळत बसलाय?" मी लगेच हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. त्या कपाटाचा मला राग होता. दर दिवाळीला त्याची धूळ झटकताना ते मला काहीतरी विचारायचं आणि मी घाईने दार लावायची. एकशेचौदा पुस्तकांची यादी करायची, बळवंतरावांची सही घ्यायची, सोमवारी रद्दीवाला येणार. यादी सोपी होती, कारण आमच्या नोंदवहीत त्या पुस्तकांना नावंच नव्हती. जपानी पुस्तक क्रमांक एक, जपानी पुस्तक क्रमांक दोन, असं एकशेचौदापर्यंत. माझ्याच अक्षरात. त्या वेळी माझं अक्षर फार चांगलं होतं आणि मला त्याची घमेंडही होती.

मोरितासाहेब विक्रोळीच्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला आलेले इंजिनीअर. तीन वर्षं अंधेरीत भाड्याच्या बंगल्यात राहिले आणि पासष्ट साली परत जाताना आपली पुस्तकं आम्हाला देऊन गेले. तेव्हाचे चिटणीस रामनाथ शेणई, सगळे त्यांना रामनाथकाका म्हणत, त्यांनी हातगाडीवरून पेट्या आणवल्या आणि मला सांगितलं, परवा समारंभ आहे, तोवर सगळी दाखल झाली पाहिजेत. मी नवी होते. सहा महिन्यांच्या बोलीवर लागलेली, आणि चूक झाली तर घरी पाठवायला काका मागेपुढे बघणारे नव्हते. वडिलांची गिरणी सुटलेली, विक्रोळीच्या आमच्या खोलीत पाच जण, माझ्या पगाराकडे सगळ्यांचे डोळे. साहेबांचं पत्र मी नीट वाचलं. शेवटच्या पानावर पुस्तकाचं नाव, लेखक, साल, आणि शेजारी बारीक अक्षरांत उच्चार दिलेले आहेत. कुणाही जाणत्या माणसाकडून वाचून घ्या, म्हणजे यादी करता येईल. मी दहा-बारा पुस्तकांचं शेवटचं पान उघडलं. कुठे कोरं, कुठे एखादं चित्र, कुठे मधोमध दोनच मोठी अक्षरं. काकांना म्हटलं, शेवटच्या पानांवर काही नाही. काका म्हणाले, मग आकडे टाक. आमचा शिपाई धोंडूमामा, मालवणकडचा, त्याने मैद्याची खळ शिजवली, कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद टाकला, आणि आम्ही दोघांनी दोन दिवसांत एकशेचौदा पुस्तकांच्या पहिल्या पानावर चिठ्ठ्या डकवल्या. एकही वाकडी नाही. समारंभात काकांनी कपाटाला हार घातला.

जूनमधल्या एका शनिवारी जयवंत आला. खारदांड्याचा, कोळ्यांचा, त्या वर्षी बी.एस्सी. झालेला, उन्हाने रापलेला. त्याला त्या कपाटातलं एक पुस्तक हवं होतं. त्याची कथा त्याने मला उभ्याउभ्याच सांगितली. मोरितासाहेब दर रविवारी दांड्याला मासळी घ्यायला यायचे आणि याच्या आईच्या, सखुबाईच्या, टोपलीसमोर उकिडवे बसून चाकूने एक तुकडा कापून तिथेच तोंडात टाकायचे. "आई म्हणायची, कच्चाच खातंय रं, मानूस हाय का बोका?" हे सांगताना तो आईसारखा हात नाचवायचा. आईला किळस, पण मुलाची साहेबांशी दोस्ती जमली. साहेबांनी त्याला मासळीच्या कागदावर जपानी बाराखडी शिकवली आणि सांगितलं, तिकडे मच्छीमारी शिकवणारी मोठी शाळा आहे, शिष्यवृत्ती मिळते, जानेवारीत परीक्षा दे. परीक्षेसाठी जाळ्यांवरचं एक पुस्तक वाच, ओकुमुरा नावाच्या माणसाचं. आणि मग नेमकं तेच पुस्तक साहेबांच्या पेट्यांतून आमच्याकडे आलं होतं. त्याला नाव ऐकून माहीत होतं. मोठी चित्रासारखी अक्षरं त्याला येत नव्हती, नुसती बाराखडी यायची. साहेबांनी दिलेला एक खिशातला कोश होता, पण कोशात बघायला आधी उच्चार कळायला हवा. त्याने मागणी वहीत ओकुमुरा या नावाची चार बारीक अक्षरं काढून दाखवली. "असं कुठे दिसलं का, बाई?" मी म्हटलं, नाही. शोधलंसुद्धा नाही फारसं. वहीत शेवटच्या रकान्यात लिहिलं, मिळालं नाही.

नियम असा होता की ते कपाट मागणी वहीत नोंद केल्याशिवाय उघडायचं नाही, पुस्तक घरी द्यायचं नाही, आणि एका वेळी एकच द्यायचं. म्हणून तो दर शनिवारी येऊन तीच मागणी पुन्हा लिहायचा, मी कपाट उघडायची, तो एक पुस्तक काढून खिडकीशी बसायचा. पहिल्याच महिन्यात त्याने मला दाखवलं की ही पुस्तकं उलट्या बाजूने उघडतात. मी हसत सुटले. "म्हणजे मी सगळ्यांच्या पाठीवर चिठ्ठ्या डकवल्या की." तो म्हणाला, "पण सरळ डकवल्यात, बाई. एकसुद्धा वाकडी नाही." मग चिठ्ठीच्या कडेवरून अंगठा फिरवत म्हणाला, "हे पान…" आणि थांबला. मी तेव्हा काय बोलत होते तेही मला आठवतं. दोन दिवसांत केल्या हो सगळ्या, काका म्हणाले अशी मुलगी मिळाली तर कायम करायला हरकत नाही, डिसेंबरात ठरेल. तो ते पान मिटून परत आतली चित्रं बघायला लागला. मला वाटलं, कंटाळला. दुपारी तो जिन्यात बसून डबा खायचा, कारण आत मासळीचा वास काकांना चालत नसे. परत येताना डावी मूठ मिटलेली असायची. मला वाटायचं बडीशेप असेल, आणि मला कधी देत नाही म्हणून जरा रागही यायचा. शनिवार मला आवडायला लागला होता. का, ते मी स्वतःला विचारलं नाही. आमच्याकडे असले प्रश्न मुलींनी विचारायचे नसत, आणि मला तर नोकरी टिकवायची होती.

डिसेंबरात मी कायम झाले. मार्चमध्ये माझं लग्न ठरलं, कांजूरमार्गचं स्थळ, सहदेव, स्वभावाने गरीब आणि आजवर तसाच. शनिवारी मी वाचनालयात पेढे वाटले. जयवंतने पेढा घेतला, म्हणाला, "झकास झालं, बाई." मागणी वहीत नेहमीची नोंद केली, नेहमीसारखा खिडकीशी बसला आणि पुढच्या शनिवारी आला नाही. पुढे कुणीतरी सांगितलं, तो जपानला काही गेला नाही, बापाच्या बोटीवर जातो. तेव्हापासून ते माझ्या मनात बसलं. पुस्तक मिळालं असतं तर गेला असता. एकाहत्तर साली एकदा अंधेरीच्या बाजारात दिसला, बर्फाच्या पेट्या उतरवत होता, हात कोपरापर्यंत ओले. मला बघून हसला. "काय बाई, सापडलं का ते पुस्तक?" मी विचारलं, "तुमच्या परीक्षेचं काय झालं हो?" तो म्हणाला, "बोटीला माणूस नव्हता." मला ते खरं वाटलं नाही. मला वाटलं, सभ्य माणूस आहे, माझ्या तोंडावर कसं म्हणेल. घरी येऊन मी मुलांवर उगाच ओरडले आणि सहदेवने विचारलं तेव्हा म्हटलं, डोकं दुखतंय.

आणि आता ही चौकट. मी दार लावून घेतलं, वाटीत पाणी घेतलं, स्पंज भिजवला आणि एक नंबरपासून चिठ्ठ्या सोडवायला बसले. ओकुमुरा इथे होता की नव्हता एवढंच मला बघायचं होतं. नसेल तर मी खरं बोलले होते. असेल तर माझ्या सरळ चिकटवलेल्या चिठ्ठीने एका माणसाचं आयुष्य दांड्याच्या किनाऱ्यावर अडकवलं. मागणी वही आणून पासष्टच्या जूनचं पान उघडून ठेवलं होतं, त्याने काढलेली चार अक्षरं समोर. मी चौकट ओली करून पुसायची आणि त्या बारीक ओळीवरून नखाने सरकत जायची. एक, नाही. दोन, नाही. तीन. खळीचा हिरवट पापुद्रा नखात जायचा. निळ्या कापडी बांधणीचं सदुसष्ट नंबरचं पुस्तक मी मुद्दाम मागे ठेवलं. त्या वर्षी तो सगळ्यात जास्त दिवस तेच घेऊन बसायचा, वहीत गाठींची चित्रं उतरवायचा. म्हणजे माझं मला कुठेतरी ठाऊक होतंच. दात दुखत असला की आपण दुसऱ्याच बाजूने चावतो, तशी मी त्या निळ्या पुस्तकाच्या कडेकडेने चाळीस पुस्तकं सोडवली.

धोंडूमामा चहा घेऊन आला. आता म्हातारा झाला आहे, पण नजर शाबूत. "नलूबाय, आपणच चिकटवलेला आपणच सोडवतंस?" मी म्हटलं, "चूक झाली होती, मामा." त्याने निळं पुस्तक उचललं, उघडलं, चिठ्ठीच्या कडेला नाक लावलं, बोटाने चाचपलं. "ही माझी खळ न्हय," तो म्हणाला. "माझ्या खळीत मोरचूद. हो भात आसा. बघ, शीत ऱ्हवलाहा." खरोखरच चिठ्ठीच्या कोपऱ्याखाली चपटं झालेलं, वाळून काचेसारखं झालेलं भाताचं शीत होतं. मी स्पंज लावला. चिठ्ठी पटकन सुटली. चौकटीत मोठ्या अक्षरांच्या शेजारी ती चार बारीक अक्षरं होती, वहीतल्यासारखीच. ओकुमुरा. मी चहाचा कप सरकवला आणि वाटलं, आता इतक्या वर्षांनी कुणाची क्षमा मागायची, आणि कुठे जाऊन? मामाने चिठ्ठी उलटी करून माझ्यापुढे धरली. त्याला वाचता येत नाही. "कायतरी लिवलाहा," तो म्हणाला.

पेन्सिलने लिहिलेलं होतं, मराठीत, बारीक आणि तिरकं. ओकुमुरा. समुद्रातली जाळी आणि त्यांच्या गाठी. सापडलं. शनिवार, १४ ऑगस्ट १९६५.

मी ते किती वेळा वाचलं कोण जाणे. आधी मला हसू आलं. म्हणजे त्याला पुस्तक मिळालं होतं. परीक्षेच्या पाच महिने आधी मिळालं होतं, माझ्या डोळ्यांसमोर तो ते वाचत होता. बोटीला माणूस नव्हता हे खरंच होतं, तो सरळ उत्तर देत होता आणि मी सहा वर्षं त्याच्या सभ्यपणाचं ओझं वाहत होते. मला हलकं वाटायला हवं होतं. पण झालं भलतंच. अपराधाची एक गाठोडी मी इतकी वर्षं काखेत धरून फिरले होते, ती कुणीतरी सहज काढून घेतली आणि काख रिकामी झाली. मग मागणी वही दिसली. १४ ऑगस्टनंतरची पानं. २१ ऑगस्ट, ओकुमुरा, जाळी. २८ ऑगस्ट, ओकुमुरा, जाळी. सप्टेंबर, ऑक्टोबर, डिसेंबर. सापडलेल्या पुस्तकाची मागणी तो दर शनिवारी लिहीत होता आणि समोर माझ्या सुंदर अक्षरात, मिळालं नाही, मिळालं नाही.

मग मी स्पंज टाकला आणि नुसती कड चाचपून भाताच्या चिठ्ठ्या निवडायला लागले. धोंडूमामाही बसला, त्याची बोटं माझ्यापेक्षा हुशार. एक, मग दुसरी, मग रांगच. प्रत्येकीच्या पाठीवर पेन्सिल. मासे सुकवण्याच्या रीती, २१ ऑगस्ट. होड्यांचं लाकूड. किनाऱ्यावरची मिठागरं. हे स्वयंपाकाचं आहे, आईला सांगितलं तर मारेल. भूकंप. हे मला कळलं नाही, बहुधा कविता असाव्यात. लहान मुलांची गणितं. प्रत्येकीवर शनिवारची तारीख, एकही शनिवार चुकलेला नाही. प्रत्येक शनिवारी तो एक चिठ्ठी सोडवत होता, कोशात शब्द शोधून पुस्तकाचं नाव मराठीत उतरवत होता, आणि डब्यातला भात मुठीत आणून चिठ्ठी होती तशी, सरळ, परत चिकटवत होता. मला सांगितलं असतं तर मला ते काकांना सांगावं लागलं असतं. एकशेचौदा पुस्तकांची शेवटची पानं बुजवणाऱ्या मुलीला काकांनी डिसेंबरात कायम केलं नसतं. हे त्याला कळत होतं आणि मला कळत नव्हतं. जे काम माझं होतं ते तो माझ्या समोर बसून करत होता आणि मी त्याच्यावर बडीशेपेसाठी रागावत होते. मला रडू आलं. मामाने तोंड फिरवून खिडकीबाहेर बघितलं, जुना माणूस आहे.

चार वाजता बळवंतराव आले तेव्हा टेबलावर तीस पुस्तकं होती आणि प्रत्येकावर मी नवं कार्ड लिहून ठेवलेलं, वर आमचा नंबर, खाली पुस्तकाचं नाव, विषय. ते चष्मा वर करून वाचत गेले. "मासे सुकवण्याच्या रीती… अहो, हे आपल्याकडे होतं? माझा भाचा वर्सोव्याला मासळीचंच शिकतोय, जपानी वर्गाला पण जातो. पुस्तकं नाहीत म्हणून रडतो." मी म्हटलं, "पाठवून द्या त्याला." ते म्हणाले, "आणि उरलेली?" मी म्हटलं, "शेवटची पानं आता मोकळी करते. वाचणारा आणू." ते कपाटाकडे वळून म्हणाले, "पण हे केलं कुणी?" मी कार्डाच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे मी प्रत्येक कार्डावर लिहिलं होतं, नावं लावणारे, जयवंत, खारदांडा. "वाचक होते आपले," मी म्हटलं. ते म्हणाले, "बरं, मासिकांसाठी जिन्यापाशी फळ्या ठोकून घेऊ." आणि रद्दीवाल्याला नको म्हणून सांगायला उठले.

आमच्याकडे छापील कार्डं असतात, आपण मागितलेले पुस्तक आले आहे, सात दिवसांत घेऊन जावे, अशी. मी एक काढलं आणि नाव लिहिलं, पत्ता खारदांडा, पुस्तक क्रमांक सदुसष्ट. इतक्या वर्षांत मागणी वहीतल्या प्रत्येकाला ते जायचं, यालाच कधी गेलं नव्हतं. आजची तारीख घातली. तो येईल का, बायको विचारेल का हे कसलं कार्ड, त्याचे हात आता बर्फाने किती फुटले असतील, असं काही मनात आलं, पण ते नियमाचं कार्ड होतं आणि नियमाने जायलाच हवं होतं. धोंडूमामा ते पेटीत टाकायला गेला. खाली बाजाराचा आवाज सुरू झाला होता. टेबल आवरताना पेपरवेट उचलला आणि त्याखाली मघाची चिठ्ठी निघाली, एकशे नऊची, आपणहून पडलेली. ही मी उलटी करून बघितलीच नव्हती. कडेला भाताचं शीत नव्हतं. खव्याचा तेलकट, पिवळट डाग होता, त्यात वेलदोड्याचा एक काळा कण.

पाठीवर तीच पेन्सिल. लाटांविषयी. १२ मार्च १९६६. त्याखाली, आज डबा आणला नाही. पेढ्याने चिकटतंय का बघतो.

मी चिठ्ठी तळहातावर धरून खिडकीशी गेले, त्याच्या जागेवर बसले. त्याला मी कधी एकेरी हाक मारली नव्हती, नेहमी अहो-जाहो. "साडेअकरा वर्षं चिकटलं रे," मी म्हटलं.